फक्कीचे गाव

मोकळ्या माळावर, जिथे भिंत नाही, दार नाही, डोक्यावर कौल नाही, तिथे थांबून "येऊ का आत?" असे विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आतून "या की" आले नाही तर ते उन्हात उभे राहत. एकदा मी घाईत होतो म्हणून सरळ चालत निघालो, तर त्यांनी मला मागे बोलावले आणि गंभीरपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही आत्ता एका बाईच्या चुलीवरून गेलात."

चूल नव्हती. बाईही नव्हती. जमिनीवर पांढऱ्या फक्कीची एक रेघ होती, कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी, आणि तिचे कोपरे सकाळी मीच दाखवले होते.

मी तेव्हा मोजणी खात्यात नवा होतो. साठीच्या दशकातली गोष्ट. नदीकाठच्या एका गावात पूर येऊन गेला होता, निम्म्या भिंती बसल्या होत्या, आणि सरकारने सगळे गाव वरच्या माळावर हलवायचे ठरवले होते. प्लॉट आखायला मला सांगलीहून पाठवले. गावात उतरायला जागा नव्हती. हायस्कूलच्या ड्रॉइंग मास्तरांकडे दोन कोरड्या खोल्या होत्या, त्यातली एक त्यांनी मला दिली. भाडे विचारले तर म्हणाले, "रोज संध्याकाळी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. तेच भाडं."

प्रश्न रोज एकच असे. "वीस वर्षांनी तुम्ही सकाळी उठलात. दार उघडलंत. समोर काय दिसतं?"

पहिल्या संध्याकाळी मी म्हणालो, "रस्ता."

"कसला?"

"डांबरी. वीस फुटी."

"त्यावरून कोण चाललंय?"

मला कोणी दिसेना. तसे मी सांगितले. ते म्हणाले, "मग तो नकाशा झाला. उद्या परत सांगा."

मास्तर मूळचे मेढ्याकडचे. डोंगरात वाढलेल्या माणसाचे पाय असतात तसे त्यांचे पाय होते, बारीक आणि न दमणारे. लग्न केलेले नव्हते. जेवत उभ्याने. एका हातात भाकरी, तिच्यावरच कालवण, आणि खोलीत येरझारा. मी पाट मांडून दिला तर म्हणत, "बसून जेवलं की आहे ते पुरेसं वाटायला लागतं." मी हिशेबी माणूस. बसून जेवल्याने मला तरी काही पुरेसे वाटल्याचे आठवत नाही. पण पाट मांडायचे मी सोडून दिले.

चहा मात्र ते बसून पीत, कारण त्यांना टेबल लागे. बशीत बोट बुडवून ते टेबलावर ओली चित्रे काढत. पाण्याची टाकी, दवाखाना, बायकांसाठी झाडाखाली बाक. बाक नेहमी असे. चित्र वाळेपर्यंत ते त्याच्याकडे बघत आणि वाळले की समाधानाने उठत. "कागदावर का नाही काढत?" असे मी विचारले होते. म्हणाले, "एकट्यानं काढलेलं चित्र भिंतीवर टांगता येतं. सगळ्यांनी मिळून काढलं तर त्यात राहता येतं. मला टांगायचं काही नाही."

शाळेत त्यांचे वरिष्ठांशी कधी फार जुळले नाही. परीक्षेला घागर आणि तिच्याशेजारी दोन केळी काढायला सांगावीत असा नेम होता. मास्तरांनी एका वर्षी फळ्यावर विषय लिहिला, 'माझे गाव, वीस वर्षांनी'. तपासणीला आलेल्या साहेबांनी एक कागद उचलला. एका मुलाने घरात नळ काढला होता आणि नळाशेजारी भर दुपारी झोपलेली आई. मास्तरांनी पन्नासपैकी एकोणपन्नास दिले होते.

"यात चित्रकला कुठं आहे?" साहेब म्हणाले. "बाईचा हात पायापेक्षा लांब आहे."

"पाणी शेंदून शेंदून लांब झालाय साहेब," मास्तर म्हणाले. "वीस वर्षांत आखूड होईल. एक मार्क त्यासाठीच राखून ठेवलाय."

हे मी शाळेच्या शिपायाकडून ऐकले, पण मास्तरांना ओळखतो त्यावरून ते खरे असावे.

गावच्या न्हाव्यालाही त्यांनी तोच प्रश्न विचारला होता. तो घराच्या भिंतीशी, कडुनिंबाखाली पोते टाकून हजामती करी. आधी म्हणाला, "सगळं चांगलं असंल." मग म्हणाला, "पोराला नोकरी." तिसऱ्यांदा विचारल्यावर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "फिरती खुर्ची." मास्तरांनी काजळी आणि गेरू घेऊन त्याच्या भिंतीवर खऱ्या मापाची फिरती खुर्ची काढून दिली, पाय ठेवायच्या पट्टीसकट. गिऱ्हाइके पोत्यावर बसत, पण पाठ त्या चित्राला लावून. पुढे माळावर गेल्यावर त्याने मिरजेहून खरीच जुनी खुर्ची आणली आणि ती चित्राएवढी आहे का हे बघायला मला टेप घेऊन बोलावले. दोन बोटे लहान भरली. तो नाराज झाला. "मास्तरची मोठी हुती," म्हणाला.

इतके सगळे गमतीचे होते. पण ज्या कामासाठी मी गेलो होतो त्यात गंमत नव्हती.

कार्यालयातून जो कच्चा नकाशा माझ्याबरोबर आला होता, त्यात सरळ ओळींत घरे होती, मधोमध चावडी आणि शाळा, पूर्वेकडे पन्नास फूट रुंदीची 'नदीची वाट', आणि ओढ्याच्या पलीकडे वेगळे अकरा प्लॉट. हे अकरा प्लॉट बौद्ध झालेल्या कुटुंबांचे. जुन्या गावात त्यांची वस्ती सगळ्यात खाली, नदीला लागून होती. पूर पहिल्यांदा त्यांच्यात शिरला होता. आता वर जायचे, तर मध्ये ओढा.

चावडीत बैठक झाली. त्या वस्तीतर्फे नाईक बोलायला उभे राहिले. नाईक हे त्यांचे नाव नव्हे, लष्करातला हुद्दा. पेन्शन घेऊन आले तरी गाव त्यांना त्याच नावाने हाक मारी.

"आवं आबा," ते सरपंचांना म्हणाले, "खाली हुतो तवा नदी आमच्यात शिरली. आता वर निगालो तर मधी ओढा. पानी आमच्याच वाट्याला का म्हून?"

"आरं नाईक, मी कुटं काय म्हनतोय? नकाशाच वरनं आलाय तसा."

नाईकांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की नकाशा गावाने दिलेल्या मागणीवरून झाला आहे. आबा तांब्यातले पाणी प्याले.

"रीत हाय ती," म्हातारे गुरव कोपऱ्यातून म्हणाले. "एकदम कशी मोडायची?"

"माजी पोरगी सुजाता सातवीला हाय," नाईक म्हणाले. "ओढा भरला की शाळा बंद. आख्खा पावसाळा. ती रीत तिला तुमी सांगा काका. मला न्हाई सांगता यायची."

गुरवांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मला पक्का नकाशा लवकर द्यायचा होता, आणि त्यात बाकी काही अडलेले नव्हते. अकरा घरे ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढेच ठरायचे होते. एकदा शिक्का बसला की ते माझ्या किंवा कोणाच्याच हातात राहणार नव्हते.

मास्तर दाराशी उभे राहून शेंगा खात होते. टरफले खिशात घालत म्हणाले, "आबा, सही करायच्या आधी गाव राहून बघू या."

"म्हंजी?"

"माळावर गाव काढायचं. खऱ्या मापाचं. ज्याचं घर त्यानं काढायचं. पुढं जे हवं असेल ते आत्ताच काढून ठेवायचं. आणि एक दिवस सगळ्यांनी त्यात राहायचं. चूल मांडायची, शाळा भरवायची, भांडण आलं तर भांडायचं. मग काय असेल ती सही करा."

"मास्तर, डोस्कं ठिकानावर हाय न्हवं?" आबा म्हणाले, आणि चावडी हसली. पण आबांना आपला सोपा, म्हणजे घरापुढचा बसाउठायचा भाग, नव्या घरात केवढा होतो हे बघायची हौस होतीच. मला ते दोनदा विचारून गेले होते. म्हणाले, "करा. सुगीबी झालीया. खीर घालू गावाला."

त्या रविवारी सगळे गाव गाड्या जुंपून माळावर आले. फक्कीची पोती, राख, सुंभ, भांडी, कोंबड्यासुद्धा. मी मोजणीची साखळी टाकून कोपरे दाखवले आणि बाजूला झालो. मग जे सुरू झाले ते मी नोकरीत पुन्हा कधी पाहिले नाही.

लोकांनी घरे काढली. आबांनी सोपा एवढा मोठा काढला की स्वयंपाकघराला जागाच उरली नाही. त्यांच्या बायकोने, सगळे जिला पाटलीणबाई म्हणत, ती रेघ पायाने पुसली आणि सोपा निम्मा केला. आबांनी ती परत काढली. तिने परत पुसली. शेवटी पाटलीणबाईंच्या मापाने घर झाले. नुकते लग्न झालेल्या एका पोराने आईवडिलांच्या घराला मागून वेगळे दार काढले आणि आईने विचारल्यावर ते खिडकी आहे म्हणाला. कोणी वीज काढली, कोणी शिवणाचे यंत्र. एका विधवा बाईने शाळेच्या पोराकडून उंबऱ्यावर स्वतःचे नाव लिहून घेतले. दवाखाना कोणी सांगितला नव्हता तरी एकाने काढला आणि दुपारपर्यंत त्यात आडवा पडून राहिला. बायकांनी दारांपुढे रांगोळ्या घातल्या, आणि एकदा रांगोळी पडल्यावर त्या रेघांना रेघा म्हणायची माझीही हिंमत होईना.

मास्तरांचे नियम दोनच. रेघ म्हणजे भिंत, दारातून जायचे. आणि मधल्या शाळेची घंटा झाली की जेवायचे, आधी नाही. आबांनी सगळ्यांदेखत मान्य केले.

मग मास्तर एक पिशवी घेऊन ओढ्याकडे गेले. ओढा कोरडा होता, नुसती वाळू. त्यांनी कपड्याची नीळ चुन्यात मिसळून आणली होती. तिचा रुंद पट्टा त्यांनी ओढ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला आणि परत येऊन ओरडले, "आज श्रावण आहे असं धरा! ओढ्याला छातीएवढं पाणी आहे!"

पलीकडे अकरा घरे काढून झाली होती. नाईकांच्या बायकोने, हौसाबाईने, तीन दगडांची चूल मांडली होती. तिने निळ्या पट्ट्याकडे पाहिले आणि आपल्या दारात बसली.

सकाळ हसण्यात गेली. माणसे एकमेकांकडे पाहुणी गेली. मास्तर घरोघर दाराशी थांबून आत येण्याची परवानगी मागत होते आणि लोकही आता तोंड भरून "या, या" म्हणत होते. उन्हे डोक्यावर आली, खिरीचा वास सुटला, तेव्हा मास्तर फक्कीच्या शाळेत जाऊन उभे राहिले. पोरे ओळीने बसली. त्यांनी तोंडपाठ हजेरी सुरू केली. नावामागून नाव, हजर, हजर. मग म्हणाले, "सुजाता."

पोरे ओढ्याकडे बघायला लागली.

"सुजाता!"

ओढ्यापलीकडून बारीक आवाज आला. "गुर्जी, पानी लय हाय! येता येत न्हाई!"

सगळा माळ हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी त्या वस्तीतल्या बाकीच्या पोरांचीही नावे घेतली. एकही हजर नव्हते. ते हात मागे बांधून म्हणाले, "पोरं पोचली नाहीत. शाळा भरली नाही."

"बरं, न्हाई भरली," आबा म्हणाले. "घंटा द्या आता."

"भरली नाही तर सुटणार कशी? सुटल्याशिवाय घंटा नाही, आबा. तुम्हीच कबूल केलंय."

लोकांना अजून गंमत वाटत होती. थोड्या वेळाने तितकी वाटेना. पोरे खिरीच्या काहिलीकडे माना वळवून बसली होती. आबा दोनदा उठले आणि बसले.

"मास्तर, पानी उतरायचं कवा?"

"श्रावण आहे आबा. अजून भादवा जायचाय."

"आरं मग कुनीतरी जावा की! पोरीला उचलून आना!"

एका तालमीतल्या गड्याने धोतर खोचले आणि निळ्या पट्ट्यात शिरून दोन्ही हातांनी पोहायचे सोंग केले. मधे एकदा बुडलादेखील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडे निघून तो हौसाबाईच्या दाराशी उभा राहिला, अंगावरचे पाणी झटकले आणि म्हणाला, "वैनी, पोरीला द्या, खांद्यावर न्हेतो. तुमीबी चला जेवाय. खीर निवाय लागली."

"आज न्हेशील खांद्यावर. उद्या रं?"

"उद्याचं उद्या बगू की."

"मास्तर तर म्हनत्यात उद्याचंच बगाय आलोय." हौसाबाई दारातून उठली नाही. आवाज मात्र तिने असा काढला की अलीकडे शेवटच्या घराला ऐकू जावा. "सांग जा आबास्नी. जेवाय न्हाई यायचं आमी. राहाय बोलावलं तर येतो."

गड्याने खोचलेले धोतर पुन्हा घट्ट केले. मग परत पट्ट्यात शिरून एकटाच पोहत अलीकडे आला. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आबांनी मला बाजूला घेतले. "साहेब, जागा तरी हाय का? कुटं घालू त्यास्नी?"

मी खरे ते सांगितले. सगळे प्लॉट दिलेले होते. मोकळी जागा तीनच ठिकाणी. शाळा, चावडी आणि नदीची वाट.

"वाटंला हात लावायचा न्हाई," गुरव म्हणाले. म्हातारा काठी टेकत मधे आला होता. "देवाची पालखी नदीवर आंघोळीला जाती त्या वाटनं. वाडवडलांपास्नं. ती गेली तर मग गाव कशाचं?"

दोघातिघांनी माना हलवल्या. आबांचा चेहरा सुटकेचा झाला. देवाचे नाव निघाल्यावर त्यांना काही ठरवावे लागणार नव्हते. मला वाटले, संपले. अकरा घरे राहिली पलीकडेच.

मास्तर म्हणाले, "काकांचं बरोबर आहे. पालखी गेलीच पाहिजे. मग काढू या की."

"आत्ता?"

"गाव राहून बघतोय ना? देवानंही बघू दे."

आपल्या देवाचा मान राखला म्हणून गुरव खूश झाले. एक बाजले उलटे करून चार गड्यांनी खांद्यावर घेतले. कोणीतरी त्यावर हळद टाकली. गुरव पुढे, मागे बाजले, त्यामागे सगळे गाव, पोरे हजेरीतून उठून मधे घुसलेली. "चांगभलं!" अशी आरोळी झाली आणि पालखी चावडीपासून दोन पांढऱ्या रेघांच्या मधून पूर्वेला निघाली. मीही टेप गुंडाळत मागे गेलो.

रेघा संपल्या तिथे पालखी थांबली. पुढची माणसे थांबली म्हणून मागची त्यांच्यावर आदळली. समोर खडीची खाण होती. चांगली दोन पुरुष खोल, तळाला घाणेरीची झुडपे आणि एक मेलेले टायर. नदी दिसत होती, पण उजव्या हाताला, लांब दक्षिणेकडे उतारावर, उन्हात चमकत.

जुन्या गावाच्या पूर्वेला नदी होती. जन्मभर सगळे पूर्वेला तोंड करून नदीवर गेले होते. पुढे नदी वळसा घेते आणि माळावरून ती दक्षिणेला राहते. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते, कारण प्रत्येकाने माळावर गुरे चारली होती. तरी वाट मागणाऱ्यांनी पूर्वेची मागितली, कार्यालयाने पूर्वेची दिली आणि मी पूर्वेची आखली.

बाजल्याखालचा एक गडी म्हणाला, "काका, देवाला हितंच ढकलायचं का हाडळीवानी पलीकडनं उडवत न्यायचं?"

गुरवांनी खाणीत वाकून पाहिले. मग नदीकडे पाहिले. आणि पहिल्यांदा तेच हसले. दात नसलेल्या तोंडाने हसता हसता त्यांना ठसका लागला, काठी टाकून ते खाली बसले. "आरं तिच्या!" डोळे पुसत म्हणाले. "नदी आपल्या संगं वर आलीच न्हाई की रं! देव आपला गाडीवाटनं जाईल. हितनं न्हाई जायाचा."

मग अख्खे गाव हसले. मी वाटेच्या मधे उभा राहून मनात हिशेब केला. पन्नास फूट रुंदी. पस्तीस फूट घरांना दिले तरी पंधरा फुटांचा रस्ता उरतो. लांबीत बाकीच्यांइतकेच प्लॉट धरले तर अकरा बसतात आणि वर अर्धा शिल्लक राहतो. हे मी मोठ्याने सांगितले.

हसणे थांबले. मागून कोणीतरी म्हणाले, "म्हंजी आबांच्या परसाला चिकटून?"

खरेच होते. वाटेला लागून पहिला प्लॉट आबांचा होता. सगळ्यांनी आबांकडे पाहिले. आबा खाणीत पाहत राहिले, जणू टायर त्यांचेच पडले होते.

बोलल्या त्या पाटलीणबाई. "आवं, बगताय काय? वाट रिकामी सोडलीसा तर सकाळच्या पारी आख्खं गाव तांब्या घिऊन तितं बसंल. माज्या परसामागं! त्यापरास घरं आलेली काय वाईट? आन हौसाचा शेजार मला चालतोय. पुरात तुमी समदी पळालासा तवा माजी म्हस तिनं सोडली दावं कापून. तुमच्यातलं कोन हुतं तितं?"

कोणी नव्हते. तांब्याच्या मुद्द्यावर काही बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण माना होकाराच्या हलत होत्या.

आबांनी पागोटे नीट केले. "मास्तर, मारा रेघा."

"मी नाही," मास्तर म्हणाले. "ज्याचं घर त्यानं काढायचं. तुम्ही फक्त बोलवा."

आबा एकटे ओढ्याकडे चालत गेले. आम्ही सगळे मागे. निळ्या पट्ट्याच्या काठाशी ते थांबले, आणि मला अजून आठवते, त्यांनी वहाणा भिजू नयेत म्हणून पाय मागे घेतला. हात तोंडाशी धरून ओरडले, "नाईक! आवं हौसाबाई! राहाय या!"

नाईक पुढे आले. "सगळी अकरा?"

"सगळी अकरा!"

"नकाशात?"

आबांनी माझ्याकडे पाहिले. मी ओरडलो, "नकाशात!" सरकारी नोकरीत इतक्या मोठ्याने मी पुन्हा कधी बोललो नाही.

हौसाबाईने चुलीवर पाणी मारले. मास्तरांनी आभाळाकडे पाहिले, थोडा विचार केला आणि म्हणाले, "उतरलं पाणी." पोरांनी झाडाच्या डहाळ्या घेऊन नीळ उडवायला सुरुवात केली. सुजाता थांबलीच नाही. ती धावत निळ्यातून आली, पायाच्या पोटऱ्यांपर्यंत निळी होऊन. तिच्यामागे बाकीची पोरे, मग गाठोडी, दगड, कोंबड्या. वाटेवर अकरा घरे काढली गेली. हौसाबाईने आपले दार पाटलीणबाईंच्या परसाकडे न काढता रस्त्याकडे काढले. "मागल्या दारानं न्हाई राहायचं," म्हणाली. पाटलीणबाई म्हणाल्या, "माजंबी तसंच हाय की."

मग मास्तरांनी हजेरी पहिल्यापासून घेतली. एकही नाव गाळले नाही. खीर थंड झाली होती. सगळ्यांनी फक्कीच्या एकाच गावात बसून ती खाल्ली, आणि मास्तरांनी उभ्याने.

हिशेब पुरा सांगायचा तर वाटेजवळच्या जुन्या दोन घरांनी नंतर येऊन प्लॉट बदलून मागितले. कारण सांगितले नाही, मी विचारले नाही. दुसऱ्या टोकाच्यांशी अदलाबदल करून दिली. सांगलीच्या साहेबांनी नकाशा पाहून विचारले, "हा बदल कुणाच्या मागणीवरून?" मी म्हणालो, "गावाच्या. राहून बघितल्यावर." ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, पण ग्रामपंचायतीचा ठराव जोडलेला होता. शिक्का बसला.

निघताना मी मास्तरांना विचारले, "खाण कुठं आहे ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"सगळ्यांनाच माहीत होतं," ते म्हणाले. "चालून बघितलं नव्हतं." आणि लगेच त्यांनी तक्रार केली की एवढ्या मोठ्या गावात झाडाखालचा बाक एकानेही काढला नाही.

पुढे त्यांची बदली शिराळ्याकडे झाली. तिथेही त्यांनी काहीतरी सुरू केल्याचे कानावर येई. मी आता सांगलीत विश्रामबागेत राहतो, नोकरीही संपत आली. माझे स्वतःचे घर बांधताना मी आधी जमिनीवर फक्की मारली आणि बायकोला आत उभी केली. तिने दोन रेघा पुसल्या. तिचे बरोबर होते.

पण मास्तर त्या गावातून जाण्याआधी मी एकदा तिथे गेलो होतो. घरे उठली होती, पत्र्याची आणि कौलांची. ऐन श्रावण. ओढा दोन्ही काठ भरून, तांबडा, आवाज करत चालला होता. पलीकडे नुसते माळरान भिजत पडले होते. मास्तर मला नाईकांच्या दाराशी घेऊन गेले, आणि आता दार खरे होते तरी "येऊ का आत?" विचारून थांबले. हौसाबाई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बाहेरच निघाली होती. शेजारून पाटलीणबाई छत्री उघडत आल्या. सुजाता शाळेतून येऊन दप्तर ठेवून परत पळाली होती.

"चहा मागनं देते साहेब," हौसाबाई म्हणाली. "आदी चला आमच्या संगं. ओढ्याला पानी आलंय नव्हं? आमी समदी बगाय चाललोय."